तीनदा फोन, मग कार्ड बंद

५ जानेवारी, सोमवार

कंपनी दरवर्षी डायरी देते आणि दरवर्षी महिनाभरात ती टेबलाच्या लंगड्या पायाखाली जाते. यंदा लिहिणार आहे. यंदा लिहिण्यासारखं काहीतरी घडलंय.

ऑफिसात सीआरएम आलं. ग्राहकांची सगळी माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक ग्राहकाचं एक कार्ड. त्याला मशीन कधी विकलं, तो काय म्हणाला, त्याच्याशी पुन्हा कधी बोलायचं, सगळं त्यावर. आम्ही कानाची मशीन विकतो, म्हणजे ग्राहक बहुतेक म्हातारे, आणि त्यांची माहिती आतापर्यंत कुठे होती म्हणाल तर विक्रेत्यांच्या डोक्यात. हे सॉफ्टवेअर आणलं साहेबांच्या धाकट्या सुनेनं. ती शिकून आली आहे. समोर सगळे मॅडम म्हणतात, मागे सूनबाई.

सूनबाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, हे सगळ्यांकडून भरून घ्यायची जबाबदारी कोण घेतं? टायवाला एकदम बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. (आमच्या शोरूममध्ये टाय लावणारा हा एकटाच विक्रेता.) मी हात वर केला. इतकी वर्षं या ऑफिसात चहा मागवते, पाकिटं चिकटवते, साहेबांच्या चष्म्याची डबी शोधून देते. एकदा तरी कुणी मला एखादी गोष्ट विचारायला माझ्या टेबलाशी यावं असं वाटत होतं.

मामानं "वा, भाचीबाई" म्हणून सगळ्यांसमोर टाळी वाजवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ आणि कंपनीतला सगळ्यात जुना विक्रेता. बाबा गेल्यावर त्यानंच मला इथे चिकटवलं, आणि हे तो ना मला विसरू देतो ना ऑफिसला.

११ जानेवारी, रविवार

रविवार म्हणजे मामा. सकाळी येतो, जेवायच्या वेळेपर्यंत हलत नाही. आल्या आल्या आईच्या कानाशी खुडबुड चालू करतो, मग तिचं मशीन कुई करून शिट्टी मारतं आणि दोघं लहान पोरांसारखी हसतात. मग चहा, मग लोकांच्या घरच्या भानगडी. मी आत इस्त्री करत बसते. घरात आम्ही दोघीच, तेव्हा आठवड्यातून एकदा आई हसते हे चांगलंच, पण त्या शिट्टीनं माझं डोकं उठतं.

आज त्याला सूनबाईंच्या सूचना समजावल्या. पहिली: कार्डावर ‘पुढचं पाऊल’ नावाची जागा असते, ती कधीही रिकामी सोडायची नाही. दुसरी: एकाच माणसाची दोन कार्डं झाली असतील तर ती एक करायची. आमच्याकडे एक निवृत्त न्यायाधीश तीन ठिकाणी निघाले. एकदा हुद्द्यानं, एकदा आडनावानं, आणि एकदा ‘चावरा कुत्रा, मागच्या दारानं जाणे’ म्हणून. हा तिसरा प्रकार अर्थात मामाचा. तिसरी सूचना मला फार आवडली: टिपण असं लिहायचं की उद्या एखाद्या परक्या माणसालाही तो ग्राहक सांभाळता यावा.

मामा म्हणाला, परका माणूस कशाला सांभाळेल, मी आहे की. या माणसाला नवीन काही सांगणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

२० जानेवारी, मंगळवार

शेवटी युक्ती सापडली. मामाला टाइप करायला सांगितलं की त्याचे डोळे दुखतात, पण बोलायला सांगितलं तर तो बोलतो. आता रोज दुपारी त्याला चहा देऊन माझ्या शेजारी बसवते. तो सांगतो, मी कार्डावर चढवते.

शिवणकाम करणाऱ्या बाई, पहिला मजला: डाव्या बाजूला बसून बोलायचं, सुनेसमोर मशीनचा विषय काढायचा नाही. जुने पोस्टमास्तर: मशीन उशीखाली ठेवतात आणि हरवलं म्हणून ओरडतात, आधी उशी बघायची. बॅंडवाले: दोन्ही कान गेलेले, पण कबूल करत नाहीत, तेव्हा नवीन मॉडेल ‘बघायला’ म्हणून न्यायचं. ऐकताना हसू येतं. मात्र सगळंच काही कौतुकाचं नाही. एका बाईंच्या डाव्या कानात उजव्या कानाचा साचा (मशीनचा कानात बसणारा भाग) घालून आला होता, तेही यात निघालं. आणि चार घरी गेलो म्हणतो त्यातल्या एका घरी तो झोपतो, हे मी शपथेवर सांगेन.

आज आईचं कार्ड उघडलं. मशीन कंपनीचंच, म्हणून तिचंही कार्ड आहे. नाव, घरचा फोन, बाकी कोरं. मी विचारलं, इथे काय लिहू?

"तिचं नको," मामा म्हणाला. "ती काय गिऱ्हाईक आहे?"

मी पुढच्या कार्डावर गेले.

२९ जानेवारी, गुरुवार

सूनबाई माझ्या टेबलाशी आल्या. स्वतः. खुर्ची ओढून बसल्या आणि मामाची टिपणं वाचत राहिल्या. म्हणाल्या, हे सोनं आहे, कंपनीत इतकी वर्षं कुणाला हे काढून घेता आलं नव्हतं. तुम्ही वाया गेलात हो त्या चहापाण्यात.

घरी येताना स्वतःसाठी नवीन पेन घेतलं. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तो काय म्हणाला?" कौतुक माझं चाललंय आणि हिला भावाची पडलीय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंतीवर मोठा स्क्रीन लावलाय. त्यावर प्रत्येक विक्रेत्याचं नाव आणि रंग. टायवाला हिरवागार. तो जागचा उठतच नाही. सकाळपासून फोन लावतो आणि प्रत्येक फोनची नोंद करतो, उचलला तरी आणि नाही उचलला तरी. मामा लाल. तो दिवसभर उन्हातान्हात हिंडतो आणि संध्याकाळी येऊन विचारतो, भाचीबाई, मी आज कुठे गेलो होतो ते तुला माहीतच आहे ना? मला कसं माहीत असणार? त्याला शंभरदा सांगितलं की नोंद नाही तर भेट नाही. त्यावर म्हणतो, मग शिवणकामवाल्या बाईंनी चहा कुणाला दिला?

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण रागही आला. माझ्या कामाची त्यानं थट्टा केली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस माझा. सूनबाई म्हणाल्या, सीआरएममध्ये मेलेली कार्डं साठली की खरं चित्र दिसत नाही, साफसफाईसाठी काहीतरी नियम हवा. मी सुचवलं: तीनदा फोन लावायचा, वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा उचलला नाही आणि ‘पुढचं पाऊल’ही कोरं असेल, तर कार्ड आपोआप बंद. बंद झालं की ते कुणाच्या यादीत येत नाही, कुणाचा वेळ जात नाही. सूनबाईंनी तो नियम तिथल्या तिथे सॉफ्टवेअरमध्ये घातला. साहेबांना म्हणाल्या, ही यांची कल्पना.

साहेबांना माझं नाव पटकन आठवलं नाही, पण मान हलवली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मामाची निम्म्याहून जास्त कार्डं बंद झाली. टायवाल्यानं तीन दिवस मामाच्या गिऱ्हाइकांना झपाझप फोन लावले, कुणी उचलले नाहीत, झालं. माहिती टिपणांत होती, पण ‘पुढचं पाऊल’ मामा सांगतच नव्हता. विचारलं की म्हणायचा, आता मनात येईल तेव्हा जाईन.

दुपारी तो माझ्या टेबलाशी आला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. म्हणाला, माझी माणसं कुठे गेली? मी म्हटलं, कुठेही गेली नाहीत, आहेत तिथेच आहेत, फक्त बंद आहेत. तो म्हणाला, तुझ्याशी बोललो ती चूक झाली. सगळं ऑफिस बघत होतं. मीही ठेवणीतलं सुनावलं, की तुला नोंदी करायला जड जातं आणि खापर माझ्यावर फोडतोस.

१५ फेब्रुवारी, रविवार

मामा आला नाही. रुसलाय. आई दाराकडे बघत होती. इस्त्री लवकर झाली.

१ मार्च, रविवार

आजही नाही. मोठा माणूस आणि लहान पोरासारखा फुगून बसलाय.

एक मात्र झालं, घरात शांतता आहे. आईचं मशीन हल्ली शिट्टी मारत नाही. टीव्हीही लावत नाही, म्हणते डोळ्यांना त्रास होतो. पूर्वी तो इतक्या मोठ्यानं चालायचा की शेजारीण भिंत ठोकायची. मला ऑफिसचं काम घरी आणून करता येतं. आईही हल्ली उलटून बोलत नाही. काहीही सांगितलं तरी बरं म्हणते. वयानं माणूस मऊ होतं म्हणतात, तसंच असावं.

९ मार्च, सोमवार

सूनबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. साहेबही होते. सीआरएममधली मामाची ओळ उघडून ठेवली होती. चालू ग्राहक अगदी थोडे, नोंदवलेल्या भेटी जवळपास नाहीत. सूनबाई म्हणाल्या, त्यांची चांगली टिपणं आता आपल्याकडे आहेतच, जे ग्राहक उरलेत ते दुसऱ्याला देता येतील. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ते तुमचे मामा आहेत, म्हणून मुद्दाम विचारते, तुमचं काय मत?

लाल रंग का आहे ते मला माहीत होतं. तो माणूस रोज कुठे कुठे जातो तेही माहीत होतं, माझ्याच हातानं लिहून घेतलंय. दोन वाक्यं बोलायची होती. पण मला वाटलं, बोलले तर म्हणतील मामाची भाची. इतकी वर्षं तेच ऐकलंय.

मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखाच असायला हवा."

सूनबाईंनी माझ्याकडे फार आदरानं पाहिलं. तो आदर मला हवा होता, हे लिहून ठेवते. इथे तरी खोटं कशाला?

१२ मार्च, गुरुवार

मामाला निरोप दिला. फुलं, भाषण, भिंतीवरचं घड्याळ. टायवाल्यानं भाषण केलं आणि त्याला आधारस्तंभ म्हणाला. मामा घड्याळाकडे बघत होता, ते बंद होतं.

जाताना माझ्या टेबलाशी थांबला. खांद्याला त्याची ती कळकट पिशवी, तिच्यात ब्रश, नळ्या, सेल, चिमटे. मला वाटलं शिव्या देईल. शांतपणे म्हणाला, "तुला विचारलं होतं त्यांनी. साहेबांनी सांगितलं मला."

मी समोरची पाकिटं सारखी केली.

"तू राहतेस त्या घराची पायरी मी चढणार नाही. ताईला सांग."

१३ मार्च, शुक्रवार

आईला सांगितलं. काल धीर झाला नाही. आज ती कपड्यांच्या घड्या घालत होती, मी समोर बसून एका दमात सगळं बोलले. खाली बघत बोलले, तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. नियम माझा होता हे सांगितलं. मला विचारलं होतं आणि मी त्याची बाजू घेतली नाही हेही सांगितलं. तो यापुढे येणार नाही, तेही. मला क्षमा कर म्हटलं. कधी नव्हे ते रडले.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं, बरं. असू दे."

केवढं मन आहे या बाईचं. मी उगाच घाबरत होते. आज मला शांत झोप लागेल.

२२ मार्च, रविवार

चहाच्या वेळी आई म्हणाली, "तो आला नाही का गं?"

इतकं सगळं सांगितल्यावर, क्षमा केल्यावर, हा प्रश्न? पुन्हा सांगितलं, थोडक्यात. तिनं मान हलवली.

२९ मार्च, रविवार

"तो आला नाही का गं आजही?"

आता कळलं. हा टोमणा आहे. तोंडावर असू दे म्हणायचं आणि दर रविवारी सुई टोचायची. आईला हे पहिल्यापासून जमतं, बाबांनाही ती असंच छळायची. मी म्हटलं, नाही आला आणि येणारही नाही, किती वेळा तेच विचारणार आहेस? माझा चेहरा बघून ती गप्प बसली, आणि मग बराच वेळ खिडकीशी उभी होती.

३ एप्रिल, शुक्रवार

टायवाल्यानं जाता जाता टोमणा मारला, तुमच्या आईसाहेबांनाही फोन लावले होते, त्याही घेत नाहीत, नाराज आहेत का आमच्यावर? मी कसनुसं हसले. म्हणजे आता कंपनीचा फोनही घेत नाही. राग तरी किती असावा माणसाला.

विभागप्रमुख म्हणून माझं नाव पुढे गेलंय. सूनबाईंनी एक काम दिलं: सीआरएममधून जास्तीत जास्त काम कसं काढून घ्यावं याची मार्गदर्शिका लिहायची. म्हणाल्या, अशी लिहा की उद्या कुणीही नवीन मुलगी आली तरी पहिल्या दिवसापासून तुमचं काम करू शकेल. मी म्हटलं, लिहिते. माझ्याइतकं ते कुणाला माहीत आहे?

१४ एप्रिल, मंगळवार

क्रमानं लिहिते.

सकाळी ते निवृत्त न्यायाधीश शोरूममध्ये आले. काठी आपटत थेट काउंटरशी. आमच्या ग्राहकांना आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही, त्यामुळे रस्त्यावरची माणसंही थांबली. ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही म्हणून मी तुमच्याकडून मशीन घेतलं. ते बंद पडलं. म्हणून मला फोन ऐकू आला नाही. म्हणून तुम्ही मला बंद केलं. पूर्वी तो तुमचा पिशवीवाला यायचा मागच्या दारानं. तो कुठाय?"

टायवाल्यानं त्यांना पाणी दिलं. सूनबाई म्हणाल्या, असा एखादा अपवाद निघतोच, नियमाला जोडून एक लेखी संदेश पाठवू. ते गेल्यावर सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

संध्याकाळी मी भांडी घासत आईला हा किस्सा सांगत होते. पाठ तिच्याकडे. न्यायाधीशांचा आवाज काढून सांगितलं. ती हसली नाही. म्हटलं, आवडलं नाही तर नको हसूस, पण निदान हुंकार तरी दे. काही नाही. माझी तार सटकली. नळ बंद केला आणि भिंतीकडे तोंड करूनच म्हटलं, "मी उद्या हे घर सोडून गेले तरी तुला चालेल ना?"

वळले. आई माझ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "हो हो. बरं झालं."

आधी संताप आला. मग तिचं हसू पाहिलं. ते मला नीट ओळखता आलं, कारण तसं हसू मी शोरूममध्ये रोज बघते. काही कळलं नाही की आमचे ग्राहक असंच हसतात.

मी ओला हात तोंडापुढे धरला आणि म्हटलं, आई, चहा हवाय का? ती म्हणाली, "हो ना, तेच म्हणते मी."

तिच्या कानातलं मशीन काढलं. तिनं काढू दिलं. नळी पिवळी पडून काडीसारखी कडक झाली होती, आत मळ. सेलच्या जागी पांढरी पूड. कंपनीच्या पाकिटांवर या मशीनचं चित्र चिकटवण्यात माझा जन्म गेला, आणि नळी कशी बदलतात ते मला माहीत नाही. मी नुसतीच ते हातात धरून उभी राहिले.

"राहू दे," आई म्हणाली. मोठ्यानं, न्यायाधीशांसारखी. "तुला नाही जमायचं. रविवारी तो आला की करेल. तोच करतो."

मी कागदावर लिहिलं, मला आधी का सांगितलं नाहीस?

तिनं वाचलं. म्हणाली, "सारखी विचारत होते की, तो का येत नाही म्हणून. तू काहीतरी सांगायचीस, ते मला कळायचं नाही. पुन्हा विचारलं की तू चिडायचीस. मग म्हटलं, येईल तेव्हा येईल."

१३ मार्चचं पान आत्ता काढून वाचलं. डोक्यावरून हात फिरवला तो मी रडत होते म्हणून. कशासाठी रडते ते तिला ठाऊकच नव्हतं.

१५ एप्रिल, बुधवार

रजा टाकून मामाकडे गेले. दार त्यानंच उघडलं आणि उंबऱ्यात उभा राहिला. आत ये म्हणाला नाही.

मी म्हटलं, आईचं मशीन बंद आहे. तू यायचा थांबलास तेव्हापासून.

तो म्हणाला, "मी फोन केला होता ताईला. निरोपाच्या दुसऱ्या दिवशी केला. मग पुन्हा केला, पुन्हा केला. तू ऑफिसात असशील तेव्हा. उचलला नाही. म्हटलं ठीक आहे, तीही लेकीच्याच बाजूची."

"तिला ऐकू येत नव्हतं."

तो तिथेच पायरीवर बसला. मग म्हणाला, "जन्मभर बहिऱ्यांच्या दारात गेलो, कुणाला कधी फोन केला नाही. आणि सख्ख्या बहिणीला फोन लावून रागावून बसलो." मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं, की चूक माझी एकटीची नाही. पण ते बरं वाटणं रस्त्याच्या वळणापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

पिशवी घेऊन माझ्याबरोबर आला.

आईनं त्याला बघून आधी रडून घेतलं, मग भांडली. त्यानं जुनी नळी कापून काढली, नवी ओवली, साचा धुतला, पुसला, सेल घातला. दाराशी उभी राहून मी पहिल्यांदा नीट बघितलं तो काय करतो ते. मशीन कानात बसवल्यावर शिट्टी वाजली. दोघं हसली नाहीत.

"इतके दिवस का आला नाहीस?" आईनं विचारलं.

तो म्हणाला, "लेकीला विचार."

सांगितलं. या वेळी तिच्या तोंडाकडे बघून, हळू, एकेक शब्द. मामाला कामावरून काढलं. ज्या नियमानं काढलं तो मी सुचवला होता. मला मत विचारलं होतं, आणि मी त्याच्या बाजूनं बोलले नाही, कारण मला ऑफिसात वरची खुर्ची हवी होती.

"कधी झालं हे?"

"मार्चमध्ये. तुला तेव्हाच सांगितलं होतं, आई. तू बरं म्हणालीस. असू दे म्हणालीस."

"मी सगळ्यालाच बरं म्हणत होते," आई म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. भावाला म्हणाली, चहा टाकते, बस.

२७ एप्रिल, सोमवार

विभागप्रमुख झाले. खिडकीजवळची खुर्ची मिळाली. तो नियम काढून टाका म्हणून सूनबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, तुमचीच तर कल्पना, आणि आकडे किती सुधारलेत बघा. निदान मामाला परत बोलवा म्हटलं. त्यावर त्यांनी विचारलं, मार्गदर्शिका कुठवर आली?

न्यायाधीशांचं कार्ड मी स्वतः उघडलं. ‘पुढचं पाऊल’मध्ये लिहिलं: घरी जाणे, मागच्या दारानं. संध्याकाळपर्यंत टायवाल्यानं ते खोडून ‘फोन करणे’ असं केलं होतं.

१० मे, रविवार

मामा आता रविवारी येत नाही. मी घरी असते ना. मधल्या दिवसांत येतो, मी ऑफिसात असताना. मोरीत दोन कप विसळून पालथे घातलेले असतात, त्यावरून कळतं. टीव्हीही पुन्हा मोठ्यानं चालतो, शेजारणीनं जिन्यात अडवून तक्रार केली. म्हणजे मशीन छान चाललंय.

१४ मे, गुरुवार

मार्गदर्शिका पूर्ण करून सूनबाईंना दिली. त्यांनी एका नवीन मुलीशी ओळख करून दिली, हुशार वाटते. तिला काम शिकवायचंय.

लवकर घरी आले. जिन्यात टीव्हीचा आवाज येत होता. कुलपात किल्ली फिरवली तसा तो थांबला. किल्लीचा आवाज तिला ऐकू येतो आता. मी आत येईपर्यंत तिनं मशीन कानातून काढून डबीत ठेवलं होतं, आणि डबीचं झाकण लावत होती.

मी म्हटलं, आई, मी आले. ती छान हसली आणि म्हणाली, "बरं."